पाठीवरचं अंडं

नाना पावणं आमच्याकडे म्हाईच्या दिवशी दुपारी जेवायला आले आणि पुढची म्हाई तोंडावर आली तरी आमच्याकडेच होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हाई म्हणजे गावच्या देवीची जत्रा, आणि आमच्या गडमुडशिंगीत जत्रा म्हणजे मटण. त्या दिवशी कुणी दार लावत नाही. परड्यात चुलवणावर तांबडा आणि पांढरा रस्सा रटरटत असतो, भाकऱ्या थापून शेजारपाजारच्या बायकांचे हात भरून येतात, आणि जो उंबऱ्याच्या आत येईल तो पावणा. त्याच्या हातावर पाणी घालायचं, त्याला पंगतीत बसवायचं आणि तो नको नको म्हणेपर्यंत वाढायचं. कोण, कुठले, कुणाकडचे असं विचारणं म्हणजे त्याच्या ताटातली नळी उचलून घेण्यासारखं. एरवी आमची माणसं तोंडानं फटकळ. माझे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, ते तलाठ्याला भर चावडीत सुनावून आले होते. पण पावण्याला तू कोण हे विचारायची हिंमत त्यांच्यात नव्हती, आणि गावात दुसऱ्याही कुणात नव्हती.

घरात आम्ही तिघंच. आबा, आई आणि मी. मी एकुलती एक, कोल्हापूरच्या कॉलेजात प्राणीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीनं जाऊन येऊन करणारी. दोन म्हशी, तीन एकर ऊस आणि बाहेरच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, एक लोखंडी कॉट, ज्यावर दुपारी आबा लवंडायचे. नाना आले ते माझ्या निपाणीकडच्या मामांच्या घोळक्यातून आले, त्यामुळं आबांना वाटलं की हे आईच्या माहेरचे. आत आल्याबरोबर त्यांनी आबांच्या खांद्यावर हात टाकून विचारलं, "काय आबासायेब, वळखलं का?" आणि आबा म्हणाले, "न्हाय कसं? या की." हे आईनं चुलीपाशी ऐकलं, म्हणून तिला वाटलं की हे आबांच्याकडचे. एवढ्यावर त्यांचं आमच्याशी नातं पक्कं झालं आणि ते अकरा महिने टिकलं. इतकी टिकाऊ नाती मी पुढं फारशी पाहिली नाहीत.

आबासायेब हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आबांना जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ते शाळा अर्ध्यात सोडलेले, अंगानं किडकिडीत, भावकीत कायम शेवटी बोलावले जाणारे. नानांनी तो शब्द उच्चारला आणि आबांच्या अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. त्यांनी हातातली रश्श्याची बादली खाली ठेवली आणि नुसते हसत उभे राहिले. संध्याकाळी मामा लोक निपाणीला गेले. नानांनीही पिशवी उचलली, पण आई सगळ्यांना म्हणते तेच त्यांनाही म्हणाली, "बसा की, जायाची काय घाई?" नाना बसले.

दुसऱ्या दिवशी आबांनी त्यांना कॉट दिली आणि स्वतः घोंगड्यावर आले. पंधरा दिवसांत चारचा चहा सुरू झाला, कारण नानांना चारला चहा लागे. मग सकाळची धार निघाली की पहिला तांब्या नानांचा, फेसासकट. ते तो उभ्यानं पीत आणि मिशा पुसत म्हणत, "आबासायेब, ह्यो हातगुण हाय तुमचा." आबा दुसऱ्या दिवशी म्हशीला पेंड जास्त घालत. रविवारी मटण, बुधवारी अंडी, आणि रोज रात्री मिरचीचा खर्डा, तो आईनं पाट्यावरच रगडलेला, कारण नानांना खलबत्त्यातला चालत नसे. मला त्या दिवसांतला सगळ्यात जास्त आठवतो तो पाट्यावर घासणाऱ्या वरवंट्याचा आवाज. माणूस वाईट होता असं आजही म्हणवत नाही. ते कुणावर ओरडत नसत, गोठ्यात शेण भरू लागत, आईच्या भाकरीला रोज नव्यानं चांगलं म्हणत. फक्त ते जात नव्हते.

गोठ्याच्या मागं एरंडाची झाडं होती आणि एरंड ते गोठ्याचा वासा यांच्यामध्ये कोळ्यांची जाळी. मी कॉलेजातून आले की तिथं जाऊन बसायची, कारण सोप्यात नाना असायचे. अभ्यासाला बसते असं सांगायची आणि जाळी बघायची. तिथं मी ती माशी पाहिली. बारीक, काळी, लांब पायांची, गांधीलमाशीच्या जातीतली, पण कमरेला आणखी नाजूक. जाळ्याच्या आसपास ती इतक्या सभ्यपणे घिरट्या घालायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला दुसरीकडंच जायचंय. मग एकदम तिनं कोळणीवर झेप घेतली. कोळणीनं धाग्यावरून खाली उडी टाकली, माशी मागोमाग गेली, तिला धरलं आणि तोंडापाशी नांगी लावली. कोळीण लुळी पडली. मला वाटलं मेली, आता ही तिला खाणार. पण माशीनं तिला खाल्लं नाही. ती शेपटाचं टोक कोळणीच्या पाठीवरून सावकाश फिरवत राहिली, बाजारात बाई लुगड्याचा पोत बघते तशी, आणि मग पोटाच्या वरच्या अंगाला, जिथं कोळणीचा एकही पाय पोचत नाही नेमकं तिथं, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक एक अंडं चिकटवून उडून गेली. दहा-पंधरा मिनिटांनी कोळीण हलली. पाय झाडले, धाग्यावरून वर चढली आणि फाटलेलं जाळं सांधायला लागली. तिला काही झालंय असं तिच्या वागण्यावरून कुणी म्हटलं नसतं.

त्या अंड्यातून अळी निघाली ती पाठीवरच राहिली. कोळणीला बारीकसं भोक पाडून रोज थोडं थोडं शोषायची, आणि कोळीण रोज नवं जाळं विणायची, माश्या पकडायची, दोघींचं पोट भरायची. शेवटच्या संध्याकाळी मात्र तिनं नेहमीचं गोल जाळं विणलं नाही. थोडेच, पण जाड धागे घातले, एकावर एक, शेतात राखणीचा माचा बांधावा तसे. त्यात एक चिलट अडकलं नसतं, पण सोसाट्याच्या वाऱ्यातही ते तुटलं नसतं. सकाळी बघते तर कोळणीचं नुसतं टरफल खाली पडलेलं आणि त्या माच्यावर अळी स्वतःभोवती कोष करून आरामात लटकलेली. मी हे सगळं वहीत लिहून, चित्रं काढून आमच्या सरांना दाखवलं. सरांनी चित्रं उलटी धरून पाहिली आणि म्हणाले, "कोळी आपल्याला दोन मार्कांना आहे. पाय आठ, एवढं लिहा. परीक्षेला झुरळ आहे." हल्ली जगभरच्या शास्त्रज्ञांनी या माश्यांवर पुष्कळ लिहिलंय. परवा मला घरातल्या पोरीनं मोबाइलवर दाखवलं, हुबेहूब माझ्या वहीतलं. सर आता नाहीत, नाहीतर मी त्यांना मोबाइलही उलटा धरून दाखवला असता.

हे वहीत चाललेलं असताना घरात वेगळंच चाललं होतं. गोठा पडायला आला होता म्हणून आबांनी विटा आणून टाकल्या होत्या. दिवाळीनंतर एके दिवशी गवंडी आला आणि त्यानं गोठा सोडून सोप्याच्या अंगाला चुन्यानं रेघा मारल्या. खोली काढायची होती. पक्की, स्लॅबची, वेगळ्या दाराची. घराचं छप्पर खापरीचं आणि पावण्याच्या खोलीला स्लॅब. आबा उसाला पाणी द्यायचं सोडून भिंतींना पाणी मारत होते. मी विचारलं, "आबा, खोली कशाला?" तर म्हणाले, "नाना म्हणत्यात, घराला शोभा येती." मी दावणीपाशी बराच वेळ उभी राहिले. ही शोभा मी एरंडाखाली पाहिलेली होती.

स्लॅब पडली त्या दिवशी नानांनी खरं काय ते काढलं. जयसिंगपुरात त्यांचा एक पुतण्या होता, भुसार दुकानात कामाला, स्वभावानं गरीब, खाऊन-पिऊन सुखी. "एकुलती एक लेक हाय आबासायेब. लांब दिऊन काय करताय? पोरगं घरात आनून ठिवूया. खोली हायच." म्हणजे घरजावई. लग्न म्हाईच्या दिवशीच, कारण पावणे म्हाईला येतातच, दोनदा जेवणं नकोत. आणि कॉलेज? नाना माझ्याकडं मायेनं बघून म्हणाले, "शालन हुशार हाय. शिकलंय तेवढं बास की." आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "बगूया." आमच्या घरात बगूया म्हणजे ठरलं. पुतण्या पुढच्या सोमवारी बघायला येणार होता. मला आजही त्या संध्याकाळची भीती जशीच्या तशी आठवते. मी एसटीच्या पासवरची तारीख पुन्हा पुन्हा बघत होते, जणू ती संपली की मीही संपणार.

मी आईला गाठलं. ती वरवंटा घेऊन बसली होती. "आई, तू काहीतरी बोल की. तुमच्या माहेरचा माणूस असा..." ती न थांबता म्हणाली, "माझ्या म्हायेरचा? तुज्या आबाच्याकडचा त्यो." आता वाटतं, तिथंच सगळं उलगडायला हवं होतं. पण मी रडण्याच्या भरात होते. मी म्हटलं, "कुणाकडचा का असेना." आई म्हणाली, "चार दिस दम खा." आईचं दम खा मला आबांच्या बगूयासारखंच वाटलं. मी दम खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एरंडाखाली मी ती गोष्ट पाहिली, जी मी सरांना कधी दाखवली नाही. पाठीवर आधीच अंडं असलेल्या एका कोळणीवर दुसरी माशी आली. तिनंही तिला लुळं केलं, तिनंही शेपटाचं टोक पाठीवरून फिरवलं, आणि तिथं दुसरीचं अंडं लागल्याबरोबर थांबली. मग ती ते खरवडत राहिली, चिकाटीनं, कितीतरी वेळ, अगदी ते निघून खाली पडेपर्यंत. त्यानंतरच तिनं स्वतःचं अंडं घातलं. मी एवढंच पाहिलं की पहिलं अंडं पडलं. त्यानंतर काय झालं ते मी वहीत लिहिलं, पण ध्यानात घेतलं नाही. वय एकोणीस होतं आणि मला माझा उपाय सापडला होता. त्याच दुपारी कोल्हापुरात मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि मुरगूडला आत्तीला लिहिलं: घरात एक पावणं आलंय, सोप्यातल्या कॉटवर झोपतंय, आणि आबानं त्याला स्लॅबची खोली बांधलीय.

आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. आबांना तिनं कडेवर वाढवलं, आणि ते बाप झाले तरी ती त्यांना कडेवरून खाली उतरवायला तयार नव्हती. आईच्या लग्नात तिनं भर मांडवात म्हटलं होतं की नवरीकडचा रस्सा पानचट आहे, तेव्हापासून दोघींचं बोलणं लागेल तेवढंच. आत्ती विधवा, मुरगूडला शेत, एक मुलगा दत्तू. तिला भावाच्या घरी यायला बोलावणं लागत नसे, आणि ती आली की वहिनीनं किती दिवस हे विचारायचं नसे. तो तिचा हक्क होता. नानांसमोर उभा करायला मला तोच हक्क हवा होता.

ती रविवारी सकाळच्या एसटीनं आली. डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेतलेला हमाल पुढं आणि ती मागं. नाना कॉटवर बसून फेसाळ दुधाचा तांब्या तोंडाला लावत होते. आत्ती सोप्यात उभी राहिली, तिनं कॉट पाहिली, तांब्या पाहिला, दारातून नवी खोली पाहिली आणि अकरा महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"पावणं, तुमी कुनाचं?"

नाना म्हणाले, "म्हंजे, वैनीच्याकडचाच म्हना की." आई आतून दारात आली. आबा म्हणाले, "मग? हिच्याच म्हायेरचं की ते." आत्तीनं आईकडं बघितलं. आई पदराला हात पुसत हळूच म्हणाली, "आमच्यात न्हाईत ह्ये." आबांचा चेहरा मी त्यानंतर कित्येक वर्षं विसरू शकले नाही. पुऱ्या गावासमोर कुणीतरी अंगातला सदरा काढून घ्यावा, तसा झाला होता.

नानांनी तांब्या खाली ठेवला. ते चिडले नाहीत, पळाले नाहीत. शांतपणे म्हणाले, "खरं सांगू का आक्का? मी पाटलाच्यात म्हाईला निगालतो. गावात शिरलो, पाटलाचं घर कुठलं म्हनलं, पोरांनी ह्ये दावलं." आम्ही पाटील, शेजारी पाटील, निम्मं गाव पाटील. "जेवलो. सांजच्याला कळलं की घर चुकलंय. जायाला उटलो तर वैनी म्हनल्या बसा की. रोज सकाळी वाटायचं, आज कोन तरी इचारंल. कुनी इचारलंच न्हाय की." आणि मग, आबांकडं न बघता, "लई माया केली तुमी. म्हनून म्हनलं, पुतण्याचं तरी हितं भलं हुईल."

आत्तीनं त्यांची पिशवी आणून कॉटवर ठेवली. संध्याकाळच्या गाडीनं नाना गेले. पावणा रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून आईनं त्यांना भाकरी आणि खर्डा बांधून दिला, पाट्यावरचा. आबा त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले आणि परतले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मी मनातून उड्या मारत होते. पुतण्या सोमवारी आला, तो आत्तीनं दारातच चहा पाजून परत पाठवला. मी माझ्या वहीतलं ते पान काढून पुन्हा वाचलं आणि स्वतःवरच खूश झाले. सरांना झुरळ लखलाभ, मी प्राणीशास्त्र घरात लावून दाखवलं होतं.

आत्तीची ट्रंक नव्या खोलीत गेली. म्हाईपुरतं राहते म्हणाली. ती त्या खोलीत बारा वर्षं राहिली. चारचा चहा पाचला झाला, एवढाच फरक. खर्डा चालेना, कारण तिला दात नव्हते, म्हणून त्याच पाट्यावर आईनं चटण्या गंधासारख्या बारीक रगडल्या. रस्सा रोज पानचट ठरला. मला तिनं शिकू दिलं, पुढं बीएडही करू दिलं, कारण तिला रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं, आणि त्याच कारणासाठी माझी चार चांगली स्थळंही तिनं नाकारली. त्यानंतर स्थळं आली नाहीत. आत्तीला दुखायला लागलं तेव्हा दत्तू तिला भेटायला दोन दिवस आला. आबा थकले होते, ऊस कुणीतरी बघायला हवा होता, दत्तू राहिला. त्याचं लग्न त्याच सोप्यात झालं. आबा गेल्यावर घर-शेत त्याच्या नावावर करायच्या कागदावर मी सही केली. माझी कोल्हापुरात शाळेची नोकरी होती, भाड्याची खोली होती, आणि माझ्यामागं दुसरं कोण होतं?

आत्ती गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी आईजवळ बसले होते. ती गोठ्यामागच्या सावलीत शेंगा फोडत होती. मला वर्षानुवर्षं जे सलत होतं ते मी बोलले. मी म्हटलं, "आई, ते कार्ड मी टाकलेलं. आत्तीला मी आणलं. माझ्यापायी तुला बारा वर्षं..." आई म्हणाली, "ठावं हाय की. कार्ड तिच्या ट्रंकेत तवाच दिसलंतं." मग शेंगा फोडता फोडताच तिनं बाकीचं सांगितलं. नाना तिच्या माहेरचे नाहीत हे तर तिला पहिल्यापासून माहीत होतं. ते आबांच्याकडचेही नाहीत, हे तिला आठव्या दिवशी कळलं होतं; मला वरवंट्यापाशी ती खोटंच बोलली होती. मामांनी निरोप पाठवून विचारलं होतं, ते तुमच्यातलं गडी कोण गं? आणि तिनं भावकीत चौकशी केली होती.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुज्या आबाला जल्मात कुनी सायेब म्हनलंतं? त्यो मानूस सकाळी उटून हसायला लागलाता. एका भाकरीनं काय जातंय माजं?" पुढची शेंग फोडत म्हणाली, "तुज्या लग्नाचं काडलं तवा मातूर म्हनलं, बास. सोमवारी त्यो पुतण्या आला की भर सोप्यात इचारनार हुते, कुनाचं रं तुमी म्हनून. तुला म्हनलं की, चार दिस दम खा."

चार दिवस. मी इतकी हुशार होते की कोळणीला काही कळत नाही असं वहीत लिहून ठेवलं होतं. शेवटी मी तिला मूर्खासारखं विचारलं, "पाठीवर कुणी बसलंय हे कळत असतं का गं?" आई म्हणाली, "कळतंय की. पर जाळं रोज इनायलाच लागतंय, कोन का बसंना." त्या दिवशी मी तिच्यासमोर रडले. तिनं मला ओंजळभर शेंगा दिल्या.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात दत्तूचा मुलगा संजय आणि त्याची बायको सारिका असतात. मी निवृत्त झाले, भाड्याची खोली सोडली आणि गेल्या म्हाईला दोन दिवस म्हणून इकडं आले. मला स्लॅबच्याच खोलीत उतरवलं. सारिका मला आत्ती म्हणते. नोकरी, पोरांची शाळा, म्हशी सगळं बघते आणि चारला चहा आणते. एरंड आता नाही, पण खिडकीच्या कोपऱ्यात एक कोळीण आहे, तिच्यावर मी लक्ष ठेवून असते. परवा गवंडी आला होता. संजय म्हणाला, "आत्ती, गुडघं दुखत्यात तुमचं, न्हाणी ह्या खोलीलाच जोडून घेतो." रात्री झोप आली नाही. आज सकाळी मी बॅग भरली, केस विंचरले आणि सारिकाला सांगितलं की मी दहाच्या गाडीनं जाते, कोल्हापुरात बघते कुठंतरी. तिच्या हाताला पीठ होतं. ती माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "बसा की आत्ती, जायाची काय घाई?"

मी तिच्या चेहऱ्याकडं बराच वेळ निरखून पाहिलं. तिथं मला काहीच दिसलं नाही. मग मी बसले.